कर्करोग : स्त्रियांचा आणि पुरुषांचा

कर्करोग स्त्री-पुरुष असा भेद मानीत नाही, हे वाक्य आरोग्यविषयक भाषणांतून नेहमी ऐकावयास मिळते. वाक्याचा हेतू चांगला असला, तरी ते खरे नाही. हा रोग भेद मानतो आणि तोही बराच काटेकोरपणे मानतो. शरीराच्या कोणत्या भागात तो उद्‌भवेल, कोणत्या वयात उद्‌भवेल, तो वेळीच ओळखला जाईल की नाही आणि रुग्ण त्यातून वाचेल की नाही, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर रुग्ण स्त्री आहे की पुरुष यावर काही अंशी अवलंबून असते. यातील काही भेद निसर्गाने केलेले आहेत, काही माणसांच्या सवयींनी आणि काही समाजाने. कोणता भेद कोणाचा हे ओळखणे हा केवळ वैद्यकशास्त्राच्या कुतूहलाचा विषय नव्हे. निसर्गाने केलेल्या भेदापुढे उपाय मर्यादित असतात. माणसाने केलेला भेद मात्र माणसालाच दूर करता येतो.

आकडे काय सांगतात

२०२२ साली जगात कर्करोगाचे सुमारे २ कोटी नवे रुग्ण नोंदले गेले. त्यांत पुरुष सुमारे १ कोटी ३ लाख, तर स्त्रिया सुमारे ९७ लाख होत्या. मृत्यूंच्या बाबतीत अंतर याहून मोठे आहे. त्या वर्षी कर्करोगाने सुमारे ५४ लाख पुरुष व ४३ लाख स्त्रिया मरण पावल्या. जगाचा सरासरी हिशेब मांडला, तर दर नऊ पुरुषांपैकी एकास आणि दर बारा स्त्रियांपैकी एकीस कर्करोगाने मृत्यू येतो.

भारताचे चित्र मात्र निराळे आहे. याच वर्षी आपल्या देशात अंदाजे १४ लाख नवे रुग्ण आढळले, आणि त्यांत स्त्रियांची संख्या, ७ लाख २२ हजार, पुरुषांच्या ६ लाख ९१ हजार या संख्येपेक्षा अधिक होती. तथापि मृत्यूंमध्ये पुरुषच पुढे आहेत. देशातील ४३ कर्करोग नोंदणी केंद्रांच्या २०१५ ते २०१९ या काळातील माहितीवरून असे आढळून आले, की नव्या रुग्णांमध्ये स्त्रियांचा वाटा ५१.१ टक्के, तर मृत्यूंमध्ये ४५ टक्के आहे. रोग अधिक स्त्रियांना होतो आणि मृत्यू अधिक पुरुषांना येतो, असे हे कोडे आहे.

त्याचा उलगडा रोगाच्या जागेत आहे. भारतीय स्त्रियांच्या एकूण कर्करोगांपैकी स्तनाचा कर्करोग सुमारे २७ टक्के, तर गर्भाशयमुखाचा सुमारे १८ टक्के. दोन्ही मिळून जवळजवळ निम्मा भाग व्यापतात. हे दोन्ही अवयव तपासणीच्या कक्षेतील आहेत. स्तनातील गाठ हाताला लागते, गर्भाशयमुख साध्या उपकरणाने डोळ्यांना दिसते. पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. तो दिसण्यासारखा असूनही बहुधा उशिरा दाखविला जातो. त्याच्या पाठोपाठ येणारे फुप्फुसाचे व अन्ननलिकेचे कर्करोग तर शरीराच्या आत दडून वाढतात. गिळताना त्रास होऊ लागेपर्यंत किंवा थुंकीतून रक्त पडेपर्यंत त्यांची चाहूल लागत नाही, आणि लागते तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ बहुधा टळून गेलेली असते.

तेव्हा भारतीय स्त्रियांचे मृत्यू तुलनेने कमी आहेत यात समाधान मानण्याचे कारण नाही. ज्या जागांचे कर्करोग लवकर ओळखता येतात, त्याच जागांच्या कर्करोगांनी आपल्याकडे दरवर्षी लक्षावधी स्त्रिया मरतात, असाच त्या आकड्यांचा अर्थ आहे.

जोगिणींच्या नोंदी

स्त्री-पुरुषांच्या कर्करोगाचा अभ्यास सूक्ष्मदर्शक यंत्राने सुरू झाला नाही. तो नोंदवह्यांवरून सुरू झाला. अठराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामात्सिनी याने व्यवसायजन्य रोगांवर ग्रंथ लिहिला. मठांत राहणाऱ्या ख्रिस्ती जोगिणींमध्ये स्तनाचा कर्करोग विशेष आढळतो, असे त्याच्या ध्यानात आले होते. पुढे १८४२ साली व्हेरोना शहरातील रिगोनी-स्टर्न या वैद्याने १७६० ते १८३९ या ऐंशी वर्षांतील मृत्युनोंदी चाळल्या. स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण जोगिणींमध्ये अधिक आणि गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण विवाहित स्त्रियांमध्ये अधिक, असे त्यास दिसून आले.

एकाच नोंदवहीतून निघालेल्या या दोन निरीक्षणांचे मर्म समजण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली. स्तनाच्या पेशी स्त्री-संप्रेरकांच्या आज्ञेत असतात. पाळी लवकर सुरू होणे, उशिरा बंद होणे, पहिले अपत्य उशिरा होणे किंवा मुळीच न होणे या गोष्टींमुळे त्या पेशींवर संप्रेरकांचा परिणाम अधिक काळ होत राहतो. तीस देशांतील ४७ अभ्यासांची एकत्रित छाननी २००२ साली प्रसिद्ध झाली. तीत असे आढळले, की प्रत्येक बाळंतपणामागे स्तनाच्या कर्करोगाचा सापेक्ष धोका ७ टक्क्यांनी कमी होतो, आणि अंगावर पाजण्याच्या प्रत्येक बारा महिन्यांमागे तो आणखी ४.३ टक्क्यांनी घटतो. आपल्याकडील खेड्यांतील माता मुलाला दीड-दोन वर्षे अंगावर पाजीत. त्यात बालकाच्या पोषणाचाच विचार होता, परंतु मातेलाही त्याचे संरक्षण नकळत मिळत होते.

मुंबईत याचे एक उदाहरण अनेक वर्षांपासून अभ्यासिले गेले आहे. पारशी समाजातील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांतील स्त्रियांपेक्षा लक्षणीय अधिक आढळून आले. उशिरा होणारे विवाह, अविवाहितांचे मोठे प्रमाण आणि मोजकी अपत्ये ही त्याची ठळक कारणे मानली जातात. आज शहरांतील इतर समाजांची जीवनपद्धतीही त्याच दिशेने चालली आहे. याचा अर्थ मुलींचे शिक्षण व नोकरी यांना दोष द्यावा असा नव्हे. बदललेल्या जीवनाबरोबर तपासणीची सवयही यावयास हवी, ती अद्याप आलेली नाही, इतकाच.

दुसऱ्या निरीक्षणाचे, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे, कारण संप्रेरक नसून विषाणू आहे. मानवी पॅपिलोमा विषाणू हा शरीरसंबंधातून पसरतो, आणि त्याच्या काही प्रकारांमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी दाखवून दिले. त्याबद्दल त्यांना २००८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. व्हेरोनाच्या जोगिणी या कर्करोगापासून मुक्त का होत्या, याचे उत्तर असे मिळाले.

चालीरीती आणि कर्करोग

सवयींमुळे होणाऱ्या भेदांचा विचार भारतात विशेष झाला आहे, आणि त्याचे श्रेय मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे जाते. हे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. त्यानंतर चारच वर्षांनी, १९४५ साली, डॉ. खानोलकर व त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी लोकांच्या चालीरीतींशी निगडित असलेल्या भारतातील तीन कर्करोगांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील एक धोतराचा कर्करोग होय. कमरेस धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळून बांधल्याने त्वचेवर काळसर, निबर पट्टा उमटतो, तेथे जखमा होतात, आणि क्वचित त्यांतून कर्करोग उद्‌भवतो. हा अर्थातच पुरुषांचा रोग. पुढे परकराच्या नाडीमुळे स्त्रियांच्या कमरेवरही तशाच प्रकारचा कर्करोग झाल्याची उदाहरणे महाराष्ट्रातील डॉक्टरांनी नोंदविली आहेत. हे दोन्ही कर्करोग अतिशय विरळ आहेत; त्यांच्या भीतीने कोणी धोतर वा लुगडे सोडण्याची आवश्यकता नाही. नाडीऐवजी रुंद पट्टा वापरला आणि गाठीची जागा बदलत ठेवली म्हणजे पुरे.

तंबाखूची गोष्ट मात्र विरळ नव्हे. आंध्र प्रदेशाच्या किनारी भागात, विशेषतः श्रीकाकुलम जिल्ह्यात, चुट्टा नावाची जाड विडी पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची चाल स्त्रियांमध्ये आहे. एरवी विडी-सिगारेट ओढणाऱ्यांस टाळूचा कर्करोग क्वचितच होतो. या स्त्रियांमध्ये तो नेमका टाळूवरच आढळतो, कारण तेथेच आगीची धग व धूर प्रत्यक्ष लागतो. गोव्यातही धुमटी अशीच उलटी ओढली जात असे, आणि १९७० नंतरच्या दशकात तेथील गावांतून तिचा अभ्यास झालेला आहे. या चालीचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. तंबाखूचा कर्करोग हा पुरुषांचा रोग आहे, हा समज त्यामुळे दूर व्हावा. तंबाखू ज्या बाजूने तोंडात जाते, त्या बाजूने रोग येतो. स्त्री की पुरुष याची तंबाखूला पर्वा नाही.

महाराष्ट्रात याच काळात पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तोंडाची तपासणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. ग्रामीण स्त्रिया धूम्रपान जवळजवळ करीतच नाहीत, परंतु मशेरीच्या रूपाने तंबाखू त्यांच्या तोंडात रोज जाते. मशेरी दात घासण्यासाठी आहे असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ती दिवसातून अनेकदा लावली जाते, आणि गरोदरपणीही सोडली जात नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढ पुरुषांपैकी ३५.५ टक्के व स्त्रियांपैकी १७ टक्के कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरीत होते. सहांतील एक स्त्री, हे प्रमाण सामान्य समजुतीपेक्षा बरेच मोठे आहे. सुपारी निरुपद्रवी मानली जाते, तीही तशी नाही. ती स्वतःच कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तथापि सुपारी व तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांतून घेऊन तळहातावर मिसळण्यास कोणी अडवू शकत नाही, आणि ऐन विशी-पंचविशीत तोंड उघडेनासे झालेले तरुण दंतवैद्यांकडे येतच आहेत.

सवयी वजा केल्या, तर

पुरुष तंबाखू अधिक खातात व ओढतात, मद्य अधिक पितात आणि घातक धुळीत व रसायनांत अधिक काम करतात. लंडनचा शल्यविशारद पर्सिव्हल पॉट याने धुराडी साफ करणाऱ्या मुलग्यांना व पुरुषांना होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन १७७५ मध्ये केले, तेव्हापासून व्यवसायजन्य कर्करोगाच्या यादीत पुरुषांचीच गर्दी आहे. मग या साऱ्या सवयी व व्यवसाय हिशेबातून वजा केले, तर स्त्री-पुरुषांचा धोका समान होईल काय ?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीने दिले आहे. पन्नास ते एकाहत्तर वर्षे वयाचे १,७१,२७४ पुरुष व १,२२,८२६ स्त्रिया यांची १९९५ ते २०११ या काळातील माहिती तपासण्यात आली व निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. धूम्रपान, मद्य, आहार, शरीराचे वजन, औषधे, इतर आजार या साऱ्यांचा हिशेब केल्यानंतरही बहुतेक जागांच्या कर्करोगांत पुरुषांचा धोका अधिकच राहिला. अन्ननलिकेच्या एका प्रकारच्या कर्करोगात तो १०.८ पट, स्वरयंत्राच्या कर्करोगात ३.५ पट, तर मूत्राशयाच्या कर्करोगात ३.३ पट होता. दोन्ही लिंगांत आढळणाऱ्या कर्करोगांपैकी केवळ अवटु ग्रंथी व पित्ताशय या दोनच जागांचे कर्करोग स्त्रियांमध्ये अधिक निघाले. सवयींनी या तफावतीचा काही भागच उलगडतो. उरलेला भाग शरीररचनेत शोधावा लागतो.

लहान मुलांकडे पाहिले तरी हेच जाणवते. चार-पाच वर्षांच्या मुलाने तंबाखू खाल्लेली नसते की मद्य प्यालेले नसते. तरीही रक्ताच्या कर्करोगासारखे काही कर्करोग मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक आढळतात.

याचे एक कारण गुणसूत्रांत सापडते. स्त्रीच्या पेशीत एक्स गुणसूत्रांची जोडी असते. पुरुषाच्या पेशीत एक एक्स व एक वाय. स्त्रीच्या दोन एक्सपैकी एक गुणसूत्र बव्हंशी निद्रिस्त असते. परंतु त्यावरील काही जनुके या निद्रेतून सुटतात व जागी राहतात. पेशींच्या बेबंद वाढीला आवर घालणारी काही जनुके अशा जागत्या जनुकांत मोडतात, असे २०१७ साली दाखविण्यात आले. घरात एकच कंदील असला आणि तो विझला तर अंधार होतो. दोन असले, तर दुसरा उरतो. अशा जनुकाची पुरुषाजवळ एकच प्रत असते, आणि तीत बिघाड झाला की आवर सुटतो. स्त्रीच्या बाबतीत दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात.

वाय गुणसूत्राचीही अशीच एक कथा आहे. वय वाढेल तसे पुरुषांच्या काही पेशींतून हे गुणसूत्र गळून पडते, आणि धूम्रपान करणाऱ्यांत ते अधिक गळते. मूत्राशयाच्या कर्करोगात वाय गमावलेल्या पेशी शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींना थकवून त्यांच्या तावडीतून निसटतात, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. गमतीची गोष्ट अशी, की ही अर्बुदे प्रतिकारशक्ती जागविणाऱ्या नव्या औषधांना मात्र अधिक चांगला प्रतिसाद देतात.

प्रतिकारशक्ती एकंदरीतच स्त्रियांत अधिक तत्पर असते. तिची किंमतही त्यांना मोजावी लागते. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचे विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत पुष्कळ अधिक आहेत. यकृताच्या कर्करोगात स्त्री-संप्रेरके दाह कमी ठेवून संरक्षण देतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून आढळले आहे. जे संप्रेरक स्तनात घातक ठरते, तेच यकृतात रक्षक ठरते. तेव्हा अमुक संप्रेरक चांगले व तमुक वाईट अशी सरधोपट वाटणी करता येत नाही. याशिवाय पुरुषांची उंची सरासरीने अधिक, म्हणून त्यांच्या शरीरातील पेशींची संख्या अधिक, आणि जितक्या पेशी अधिक तितकी एखादी बिघडण्याची संधी अधिक, हेही एक साधे कारण संशोधक सांगतात.

स्त्रियांमध्ये अधिक आढळणाऱ्या दोन कर्करोगांपैकी पित्ताशयाचा कर्करोग उत्तर भारतात गंगेच्या खोऱ्यात फार मोठ्या प्रमाणावर आहे, आणि पित्ताशयातील खडे हा त्याचा नेहमीचा सोबती आहे. अवटु ग्रंथीच्या कर्करोगाचे आकडे मात्र सावधपणे वाचले पाहिजेत. दक्षिण कोरियात १९९९ पासून तपासणीच्या मोठ्या मोहिमा सुरू झाल्या. त्यांच्याबरोबर ध्वनिलहरींद्वारे मानेची तपासणीही सर्रास होऊ लागली, आणि २०११ पर्यंत या कर्करोगाचे प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झाले. मृत्यूंत मात्र काहीच फरक पडला नाही. जी निरुपद्रवी गाठ कधीच त्रास देणार नव्हती, ती शोधून काढली गेली, आणि अशा शोधाला स्त्रियाच अधिक बळी पडल्या. तपासणी ही सर्वत्र व सर्वांसाठी हितकारकच असते असे नाही, हे यावरून लक्षात यावे.

एकाची सवय, दुसऱ्याचा रोग

स्त्रियांच्या काही कर्करोगांचे मूळ त्यांच्या स्वतःच्या वागणुकीत नसतेच. जपानमधील हिरायामा यांनी स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची चौदा वर्षांची माहिती तपासून १९८१ साली असे दाखविले, की ज्यांचे पती सिगारेट ओढीत त्या स्त्रियांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक होते, आणि पती जितक्या अधिक सिगारेट ओढी तितका हा धोका वाढे. आपल्याकडे त्यात चुलीच्या धुराची भर पडते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषाणूही बहुतेक वेळा पतीकडून पत्नीकडे येतो. आयुष्यभर एकनिष्ठ राहिलेल्या स्त्रीलाही हा रोग होऊ शकतो. त्यामुळे हा रोग झालेल्या स्त्रीच्या चारित्र्याविषयी कुजबुज करणे हे अज्ञान तर आहेच, शिवाय तो उघड अन्याय आहे. अशा कुजबुजीच्या भीतीने अंगावरून जाणारे पाणी किंवा रक्त महिनोन्‌महिने लपवून ठेवणाऱ्या स्त्रिया त्या अन्यायाची किंमत जिवाने मोजतात.

उलट दिशेचेही एक उदाहरण आहे. स्तनाचा कर्करोग पुरुषांनाही होतो. शंभर रुग्णांत एखाद-दुसराच पुरुष असतो, पण गाठ असूनही ती कर्करोगाची असेल असे त्याच्या मनातही येत नाही, आणि म्हणून तो उशिरा येतो. ज्या घराण्यात बीआरसीए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जनुकांतील दोष आहे, तेथे हा दोष पित्याकडून मुलीकडेही तितक्याच सहजपणे जातो. आत्याला किंवा आजीला, म्हणजे वडिलांच्या आईला, झालेला स्तनाचा वा बीजांडकोशाचा कर्करोग डॉक्टरांना सांगण्याचे बहुतेक स्त्रिया विसरतात. त्यांच्या समजुतीने स्त्रियांचा रोग केवळ आईकडून येतो.

मुंबई आणि बार्शी

या विषयावरील भारतीय ज्ञानाचा पाया महाराष्ट्रात घातला गेला. विशिष्ट लोकसंख्येतील प्रत्येक कर्करोग्याची नोंद ठेवणारे देशातील पहिले केंद्र १९६३ साली मुंबईत भारतीय कर्करोग संस्थेने स्थापन केले. ग्रामीण भागातील पहिले केंद्र १९८७ साली बार्शी येथे सुरू झाले. बार्शी, परंडा व भूम या तालुक्यांतील खेडी त्याच्या कक्षेत आली. शहरात रुग्णालयांच्या कागदपत्रांवरून नोंदी करता येतात. खेड्यात रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसल्याने कार्यकर्त्यांना गावोगाव हिंडावे लागले. लोकांशी बोलत, लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना तपासणीस आणीत ते नोंदी करू लागले. नोंदणीच्या निमित्ताने झालेल्या या बोलण्याचाच असा परिणाम झाला, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या.

दोन्ही केंद्रांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तर एकाच राज्यातील स्त्रियांची दोन चित्रे दिसतात. मुंबईत गर्भाशयमुखाचा कर्करोग ओसरत गेला आणि स्तनाचा वाढत जाऊन पहिल्या क्रमांकावर आला. बार्शी भागात नोंदणी सुरू झाली तेव्हा गर्भाशयमुखाचाच कर्करोग सर्वांत मोठा होता. लग्नाचे वय, बाळंतपणांची संख्या, न्हाणीघर व पाण्याची सोय, शिक्षण, या साऱ्यांचा ठसा त्या आकड्यांवर आहे.

उपायांची परीक्षाही येथेच झाली. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ पासून तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास करण्यात आला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच केल्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा असाच अभ्यास झाला. तेथे डॉक्टरांनी नव्हे, तर अल्पकालीन प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल लावून तपासणी केली. बारा वर्षांत मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. त्याच सेविकांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीचे वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ साली हाती आले. पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याखालील वयात मात्र मृत्यूंत घट आढळली नाही. तोंडाच्या बाबतीत केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील अभ्यासाने २००५ साली दाखविले, की तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांचे तोंड नियमित तपासल्यास त्यांच्यातील मृत्यू एक-तृतीयांशाने कमी होतात.

ज्ञान आहे, ते येथेच मिळविलेले आहे, आणि ते अल्पखर्ची आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या स्त्रिया अवघ्या १.९ टक्के आणि स्तनाची तपासणी झालेल्या ०.९ टक्का निघाल्या. तोंडाच्या तपासणीत पुरुषांचे प्रमाण १.२ टक्के होते.

मुलींच्या बाबतीतील तफावत याहून अधिक बोचणारी आहे. बालकांच्या कर्करोगात मुलगे थोडे अधिक असतात हे वर सांगितले. तथापि भारतातील रुग्णालयांत उपचारासाठी आणलेल्या बालकांत मुलग्यांचे आधिक्य विकसित देशांपेक्षा कितीतरी मोठे आहे. जीवशास्त्राने हा फरक समजावून देता येत नाही. रोग झालेल्या काही मुली कोणत्याच नोंदवहीत येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ होतो.

तपासणी कशी होते

तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची तोंडाची व स्त्रियांची स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सार्वजनिक आरोग्य यंत्रणेतून करण्याचे धोरण केंद्र शासनाने २०१६ साली आखले. गर्भाशयमुखाच्या तपासणीस काही मिनिटे पुरतात. सेविका गर्भाशयमुखास ३ ते ५ टक्के ॲसेटिक आम्लाचा बोळा लावते व सुमारे मिनिटभर थांबते. निरोगी भाग गुलाबी राहतो. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा दिसू लागतो. पांढरा डाग म्हणजे कर्करोग नव्हे. बहुधा ती कर्करोगाच्या कित्येक वर्षे आधीची अवस्था असते, आणि उष्णतेने वा अतिशीत उपचाराने ती बाह्य रुग्ण विभागातच नष्ट करता येते. मुलींसाठी या विषाणूची लसही आता उपलब्ध आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली भारतीय लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. विषाणूशी संबंध येण्यापूर्वी, म्हणजे नऊ ते चौदा वर्षांच्या वयात, ती दिल्यास तिचा सर्वाधिक उपयोग होतो. लस घेतलेल्या मुलीनेही पुढे तपासणी करून घ्यावयाची असते, कारण विषाणूच्या सर्वच प्रकारांना लस रोखीत नाही.

पुरुषाच्या तोंडाच्या तपासणीला तर आम्लाचीही गरज नाही. चांगला उजेड, एक आरसा व स्वच्छ बोट पुरते. गालाची आतील बाजू, ओठ व हिरड्या यांमधील खाच, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालचा भाग आणि टाळू एवढ्या जागा पाहावयाच्या. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, हाताला लागणारा टणक भाग, अथवा पूर्वी तीन बोटे मावत त्या तोंडात दोनच मावू लागणे, यांपैकी काहीही आढळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. व्रण दुखत नाही म्हणून थांबू नये. आरंभीच्या अवस्थेतील तोंडाचा कर्करोग बहुधा दुखत नाही, आणि मशेरी लावणाऱ्या स्त्रीच्या तोंडातही तो तसाच न दुखता वाढतो.